ताई, दोन मिनिटं वेळ आहे का?

वाचकाचे पत्र

पश्चिम महाराष्ट्रातील एका विद्यापीठाच्या विद्यार्थी साहाय्य कक्षात मी नऊ वर्षांपासून काम करते. शिक्षण एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी; नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर, दरवर्षी नव्याने. शिष्यवृत्तीचे अर्ज, वसतिगृहाच्या तक्रारी, कमवा आणि शिका योजनेची हजेरी ही माझी कागदावरची कामे आहेत. प्रत्यक्षात मुले दारातून "ताई, दोन मिनिटं वेळ आहे का?" असे विचारतात, खुर्ची ओढून बसतात आणि घरचे सांगू लागतात. समुपदेशक आठवड्यातून दोनच दिवस येतात. रात्री व्हॉट्सॲप चालूच असते. शिष्यवृत्तीचे काय झाले असे विचारणाऱ्यांना "पोर्टलवर पेंडिंग दिसते आहे" हे एकच वाक्य मी दिवसातून कितीदा म्हणते याची मोजदाद नाही.

गेल्या जानेवारीत वसतिगृहातील एका मुलीने जीव देण्याचा प्रयत्न केला. रात्री रेक्टर मॅडमचा फोन आला. मी रुग्णालयात गेले आणि तिचे आईवडील गावाहून पोहोचेपर्यंत, म्हणजे पहाटे पाचपर्यंत, अतिदक्षता विभागाबाहेर बसून राहिले. मुलगी वाचली. साडेदहाला मी कार्यालयात हजर होते, कारण नॅकच्या, म्हणजे विद्यापीठाच्या मूल्यांकनाच्या, फायली द्यायच्या होत्या. तेव्हापासून रात्री फोन थरथरला की छातीत धडधडते आणि त्या रुग्णालयाचा रस्ता मी टाळते.

पण मला विचारायचे आहे ते वेगळेच. मागच्या महिन्यात एक मुलगा आला. वडील जाऊन बारा दिवस झाले होते. शुल्काचा हप्ता भरायला मुदत हवी होती. तो रडत होता आणि मी त्याच्या मागच्या भिंतीवरील घड्याळाकडे पाहत होते. मला काहीही वाटले नाही. त्याच आठवड्यात माझी आठवीतली मुलगी मैत्रीण बोलत नाही म्हणून रडवेली होऊन सांगायला आली, तर मी तिला म्हणाले, "हे काय दुःख आहे?" ती उठून गेली. मी दगड झाले आहे का? ज्या खुर्चीवर मायेचे माणूस बसायला हवे ती अडवून ठेवण्यापेक्षा राजीनामा द्यावा का?

— एक ताई

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील एका वाक्यापाशी मी अडले, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. "साडेदहाला मी कार्यालयात हजर होते." रात्रभर दुसऱ्याच्या लेकीच्या जिवासाठी बाकावर बसून राहिलेली, प्रवासात असलेल्या आईवडिलांना फोनवर काय सांगावे आणि काय सांगू नये याची वाक्ये मनात जुळवत राहिलेली एक बाई सकाळी घरी जाते, तोंड धुते, डबा भरते आणि फायलींच्या गठ्ठ्यासमोर येऊन बसते, आणि त्या दिवशी, किंवा त्यानंतरच्या कोणत्याही दिवशी, तुमची रात्र कशी गेली असे तिला कोणी विचारले असल्याचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेही नाही. कार्यालयातल्या एखाद्या शिपायाच्या दुचाकीला त्या रात्री धक्का लागला असता तर साहेबांनीच त्याला दोन दिवस घरी बसायला सांगितले असते. तुम्हाला बसलेला धक्का दिसण्याजोगा नव्हता, एवढाच फरक.

तुम्ही थेट विचारले आहे, म्हणून थेट सांगते. तुम्ही दगड झालेल्या नाही, आणि राजीनामा आत्ता देऊ नका. या दोन्ही उत्तरांमागची कारणे मात्र सविस्तर सांगायला हवीत, कारण नुसत्या दिलाशाने तुमच्यासारख्या कामातल्या माणसाचे समाधान होणार नाही. दिवसभर इतरांना दिलासा देऊन त्याची मर्यादा तुम्हाला चांगली ठाऊक झाली आहे.

तुम्हाला जे झाले आहे त्याला नाव आहे. १९९२ साली अमेरिकेतील कार्ला जॉइन्सन यांनी रुग्णालयातील परिचारिकांविषयी लिहिताना "कंपॅशन फटीग" हा शब्द वापरला. मनाने रुग्णाची सेवा करणाऱ्या परिचारिका हळूहळू कोरड्या, चिडक्या, अलिप्त होत जातात, असे ते निरीक्षण होते. पुढे १९९५ मध्ये चार्ल्स फिगली या मानसशास्त्रज्ञांनी ते अधिक नेमके केले आणि आघात ज्यांच्यावर झाला त्यांचे ऐकत राहणाऱ्यांनाही त्या आघाताचा संसर्ग होतो, हे मांडले. मराठीत याला अजून पक्का शब्द रुळलेला नाही. मी त्याला करुणेचा थकवा म्हणते. घरात एकाच वेळी गिझर, इस्त्री आणि मोटर चालू केली की एमसीबी खाली पडतो आणि अंधार होतो. वीज गेलेली नसते, वायरिंग जळू नये म्हणून ती तोडलेली असते. त्या मुलासमोर तुम्ही घड्याळाकडे पाहत होता तेव्हा असेच काही घडले असावे, असे मला वाटते. त्याला निर्दयपणा म्हणायला मी तयार नाही, कारण निर्दय माणसाला महिनाभरानंतर ती भिंत आणि ते घड्याळ आठवत नाही.

पण एमसीबी पुन्हा वर केला की भागले, असे मी म्हणणार नाही, कारण भार नेमका कुठून येतो आहे हे पाहिल्याशिवाय तो पुन्हा पडणारच. तुमच्या पत्रात मला तीन निरनिराळे भार दिसतात. तुम्ही ते एकत्र करून स्वतःच्या स्वभावाच्या नावावर लिहून टाकले आहेत. ते सुटे करू या.

पहिला भार त्या जानेवारीच्या रात्रीचा. फोन थरथरला की धडधडणे आणि एक विशिष्ट रस्ता टाळणे या गोष्टी थकव्याच्या नाहीत, आघाताच्या आहेत. अशी लक्षणे महिन्याभरात आपोआप ओसरली तर चिंता नसते. तुमची त्यापलीकडे टिकली आहेत. त्यामुळे येथे माझा सल्ला निःसंदिग्ध आहे: चिकित्सा मानसशास्त्रज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ यांची वेळ घ्या आणि त्या रात्रीविषयी बोला. आघातावर परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत आणि त्यासाठी वर्षानुवर्षे जावे लागतेच असे नाही. तुमच्या कक्षात येणाऱ्या समुपदेशकांकडेच जाऊ नका. ते तुमचे सहकारी आहेत आणि तुमचे त्यांच्याशी कामाचे नाते मोकळे राहायला हवे. पहिले पाऊल उचलणे जड वाटत असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. तुम्ही हा क्रमांक अनेक मुलांना लिहून दिला असेल. स्वतःसाठी तो फिरवताना संकोच वाटेल, तो वाटू द्या आणि फोन करा. याला जोडून एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. सलग दोन आठवडे झोप, भूक किंवा कशातच रस उरलेला नसेल, किंवा आपण नसलो तर बरे असे विचार डोकावत असतील, तर या उत्तराचा बाकीचा भाग बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.

दुसरा भार कामाच्या प्रमाणाचा, ज्याला सगळे बर्नआऊट म्हणतात. हा शब्द मानसशास्त्रात १९७४ पासून वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआऊटची नोंद आजार म्हणून केलेली नाही. ज्याचे व्यवस्थापन यशस्वीरीत्या झाले नाही अशा कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन ताणातून उद्भवणारी, व्यवसायाशी निगडित घटना अशी ती नोंद आहे. मला ही शब्दयोजना फार महत्त्वाची वाटते. ताण कुठे आहे, तर कामाच्या ठिकाणी. व्यवस्थापन कोणी करायचे होते, तर ज्यांच्या हाती व्यवस्था आहे त्यांनी. म्हणूनच योगासने करा, डायरी लिहा, सकाळी फिरायला जा, हे सल्ले मी तुम्हाला देणार नाही. त्या गोष्टी चांगल्या आहेत आणि आवडत असतील तर जरूर करा, परंतु हजारो विद्यार्थ्यांमागे दोन दिवसांचा समुपदेशक आणि एक करारावरची ताई हे गणित प्राणायामाने सुटणारे नाही, आणि ते सुटत नाही म्हणून तुम्ही स्वतःला आणखी एक दोष लावून घ्याल, अशी मला भीती वाटते.

तिसऱ्या भारावर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण तुम्ही तो एका वाक्यात उरकला आहे: "पोर्टलवर पेंडिंग दिसते आहे." मी स्वतः बावीस वर्षे महाविद्यालयीन मुलांसोबत समुपदेशनाचे काम केले. माणसाला आतून पोखरते ते दुःख ऐकणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. माझा अनुभव तसा नाही. दुःख ऐकणे जड असते, पण ऐकून झाल्यावर काही करता आले तर त्या रात्री झोप लागते. पोखरते ते ऐकून झाल्यावर काहीच करता न येणे. मराठवाड्यातल्या एखाद्या कोरडवाहू गावातून आलेला मुलगा कॉट बेसिसवर राहतो, शिष्यवृत्तीच्या भरवशावर मेस लावतो, अर्ज कुठल्या तरी टेबलावर अडकतो, मेसवाले काका दोन महिने थांबतात आणि तिसऱ्या महिन्यात डबा बंद करतात. तो तुमच्याकडे येतो. त्याच्या उपाशी चेहऱ्याकडे पाहून तुमच्या आत जे हलते, त्याला पुढे जायला वाट हवी असते: एक फोन, एक सही, एक आदेश. ती वाट तुमच्या हाती नसते. तुम्ही स्क्रीनकडे पाहून ते वाक्य म्हणता, तो "बरं ताई" म्हणून उठतो, आणि दारात पुढचे कोणीतरी दोन मिनिटे मागत उभे असते. असे नऊ वर्षे. या परिस्थितीत आतले हलणे हळूहळू थांबले नसते तरच नवल.

याला बळ देणारे संशोधनही आहे. टानिया सिंगर, ओल्गा क्लिमेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात काही व्यक्तींना दुसऱ्याचे दुःख स्वतःत अनुभवण्याचे, म्हणजे समानुभूतीचे, प्रशिक्षण दिले आणि दुःखात असलेल्या माणसांची चित्रफीत दाखवली. त्यांच्या नकारात्मक भावना वाढल्या. त्याच व्यक्तींना नंतर करुणेचे, म्हणजे समोरच्याचे भले व्हावे ही ओढ मनात धरण्याचे, प्रशिक्षण दिले तेव्हा तशाच चित्रफिती पाहताना नकारात्मक भावना पूर्वपदावर आल्या, सकारात्मक भावना वाढल्या, आणि मेंदूतील वेगळ्या भागांचे जाळे कार्यरत झालेले दिसले. म्हणजे "माझे काळीज आटले" असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा आटलेली असते ती सोबत रडण्याची ताकद. समोरच्याचे भले व्हावे ही ओढ निराळी, आणि ती तुमच्यात शाबूत आहे याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे: मुलाला मुदत हवी होती, असे तुम्हाला आठवते. मुदत मिळाली का, हे तुम्ही लिहिले नाही, पण माझी खात्री आहे की तुम्ही तो अर्ज त्याच दिवशी पुढे पाठवला असेल. त्याला घड्याळाकडे वळलेली तुमची नजर दिसली असेल का, या प्रश्नाने तुम्ही स्वतःला छळत असाल. कदाचित दिसली असेल. तसे असेल तर त्याला पुन्हा बोलावून हप्त्याचे काय झाले आणि आई कशी आहे एवढे विचारले तरी पुरे. माफीचे भाषण करू नका, ते त्याला पेलणार नाही.

येथून पुढे ऐकताना एक छोटा बदल करून पाहा. मूल बोलू लागले की मनात एकच प्रश्न ठेवा: आत्ता या क्षणी याला माझ्याकडून काय मिळू शकते? पुष्कळदा उत्तर अगदी लहान असते. एक पत्र, एक नाव, किंवा नुसते बसू देणे. काही वेळा उत्तर "माझ्याकडून काही नाही" असे असते, आणि तेव्हा ते प्रामाणिकपणे सांगायचे: "शिष्यवृत्ती कधी येईल हे माझ्या हातात नाही. तुझा डबा चालू राहावा म्हणून मेसवाल्यांशी बोलणे माझ्या हातात आहे. ते मी आज करते." या वाक्यांत तुमच्या सत्तेची हद्द आखली जाते, आणि ती हद्द मुलापेक्षाही तुम्हाला ऐकू जाणे गरजेचे आहे. ऐकताना दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या आहेत याकडे मधूनमधून लक्ष द्या. हे फार साधे वाटेल, पण समोरच्याच्या गोष्टीत वाहून जाऊ लागलेले शरीर याने परत आपल्या खुर्चीवर येते. एक मूल उठले आणि दुसरे बसले यांच्यामध्ये पाणी प्यायला उठाच, भले बाहेर रांग असो.

माझ्या नोकरीतील एक आठवण येथे सांगावीशी वाटते. माझ्या नोंदवहीत मी प्रत्येक भेटीचे दोन-तीन ओळींचे टिपण ठेवत असे. एका वर्षी, परीक्षेच्या हंगामात, एका मुलीच्या नावापुढे मी फक्त "पुन्हा तेच" असे लिहिले. माझ्या शेजारी बसणाऱ्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी ते पाहिले, वही मिटली आणि मला चहाला घेऊन गेल्या. त्या मला काहीही बोलल्या नाहीत. त्या आठवड्यात माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुली त्यांनी स्वतःकडे घेतल्या. मी आज हे सदर लिहू शकते त्याचे श्रेय त्या आठवड्याला आहे. तुमच्याजवळ अशा बाई नाहीत, आणि तुमची खरी उणीव ती आहे.

तुम्ही एम.एस.डब्ल्यू. केले आहे, त्यामुळे फील्ड वर्कचे दिवस आठवून पाहा. वस्तीत किंवा रुग्णालयात जे पाहिले ते अहवालात लिहायचे, आणि ठरलेल्या दिवशी पर्यवेक्षक मॅडमसमोर आयसीला, म्हणजे समोरासमोरच्या वैयक्तिक चर्चेला, बसायचे. कधी त्या अहवालावर लाल रेघा मारत, कधी विचारत, "या बाईचे ऐकताना तुला काय वाटले, ते कुठे लिहिले आहेस?" तेव्हा त्याचा कंटाळा यायचा. पण विद्यार्थिदशेत, महिन्याला मोजक्या केसेस असताना, जी व्यवस्था आवश्यक मानली गेली, ती दिवसाला वीस मुले समोर बसू लागल्यावर अनावश्यक कशी ठरली? नोकरी लागली त्या दिवशी तुमची आयसी बंद झाली. ती पुन्हा सुरू करणे हा या संपूर्ण उत्तराचा गाभा आहे.

यासाठी कुलसचिवांच्या परवानगीची वाट पाहू नका. रेक्टर मॅडम त्या रात्री तुमच्याइतक्याच जाग्या होत्या. त्यांनाही कोणी विचारले नसणार. त्या, समुपदेशक आणि तुम्ही अशा तिघांनी समुपदेशकांच्या दोन दिवसांपैकी एका दिवशी चाळीस मिनिटे दार लावून बसावे. विद्यार्थ्याचे नाव, गाव, विभाग यांतले काहीही उच्चारू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि तुमच्या कक्षानेही तीच शिस्त पाळावी. घडलेल्या प्रसंगाचे भयानक तपशील एकमेकींना ऐकवू नयेत, कारण त्याने एकीचा भार दोघींवर चढतो. बोलायचे ते आपल्यावर काय परिणाम झाला आणि पुढे काय करायचे एवढेच. पहिल्या बैठकीत जानेवारीची ती रात्र हाच विषय असू द्या.

आता फोनविषयी. तो बंद ठेवा, असे मी सरसकट म्हणणार नाही, कारण एखाद्या मुलाच्या खरोखर वाईट रात्री तुमचा क्रमांक त्याला एकमेव आधार वाटू शकतो. पण तुम्ही एकमेव असणे हेच त्या मुलासाठीही धोक्याचे आहे. तुम्ही आजारी पडाल, गावी जाल, झोपी जाल. तेव्हा कक्षासाठी वेगळे सिमकार्ड मागा, व्हॉट्सॲप बिझनेसवर रात्री आठनंतर आपोआप जाणारा संदेश लावा, आणि त्यात वसतिगृहाच्या कार्यालयाचा क्रमांक, १४४१६, तातडीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ स्पष्ट लिहा. रात्रीची पाळी रेक्टर, विद्यार्थी विकास अधिकारी आणि तुम्ही यांच्यात आठवडेवार वाटून घ्या. तुमचा आठवडा नसेल तेव्हा कक्षाचा फोन तुमच्या घरी नसावा. सुरुवातीला अपराधी वाटेल. मला पहिले तीन आठवडे तसे वाटले होते.

आणि आता प्रशासन. तुम्ही करारावर आहात, त्यामुळे तक्रारखोर ठरण्याची भीती रास्त आहे. एकट्याच्या सहीने काहीही देऊ नका. परंतु तुमच्या हाती आज जेवढे बळ आहे तेवढे पाच वर्षांपूर्वी नव्हते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ साली विद्यार्थ्यांच्या शारीरिक आणि मानसिक स्वास्थ्याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत प्रत्येक उच्चशिक्षण संस्थेत विद्यार्थी सेवा केंद्र असावे, असे म्हटले आहे. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात शैक्षणिक संस्थांसाठी बंधनकारक निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, आणि शिक्षक तसेच शिक्षकेतर अशा सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण मिळावे, हे त्यातील दोन निर्देश तुमच्या कामाचे आहेत. रुग्णालयाबाहेर बसलेल्या माणसाची दुसऱ्या दिवशी काळजी कोण घेणार, याबद्दल मात्र स्वतंत्रपणे मागावे लागेल, आणि ते मागायला तुमच्याहून योग्य व्यक्ती नाही.

मागणी भावनेच्या भाषेत करू नका. कार्यालयाला ती भाषा वाचता येत नाही. महिनाअखेरीस एका पानाचे टिपण तयार करा: या महिन्यात किती विद्यार्थी आले, त्यांपैकी किती जण शिष्यवृत्तीच्या विलंबामुळे आले, कोणत्या टप्प्यावर किती अर्ज अडकले आहेत, किती जणांची मेस बंद झाली, कार्यालयीन वेळेबाहेर किती फोन आले. नावे नकोत, फक्त आकडे. त्यावर तुम्ही, रेक्टर आणि समुपदेशक अशा तिघांच्या सह्या घ्या आणि विद्यार्थी विकास मंडळाच्या संचालकांमार्फत ते पाठवा, आवक क्रमांक घेऊन. टिपणाच्या शेवटी दोनच मागण्या: समुपदेशकांचे दिवस वाढवणे, आणि अशी आणीबाणी हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याला दुसऱ्या दिवशी भरपगारी सुट्टी. याने पोर्टल लगेच हलेल असे आश्वासन मी देत नाही. पण "पेंडिंग दिसते आहे" हे वाक्य दिवसभर म्हणून ते घरी घेऊन जाणे आणि तेच वाक्य संख्येसह वरच्या टेबलावर ठेवून घरी जाणे, यांत फार मोठा फरक आहे, आणि तो फरक तुम्हाला पहिल्याच महिन्यात जाणवेल.

तुमच्या मुलीविषयी. दिवसभर बाप गेलेली, उपाशी राहिलेली, जीव नकोसा झालेली मुले पाहणाऱ्याच्या तराजूत आठवीतल्या मैत्रिणीचा रुसवा वजनच दाखवत नाही, हे मी समजू शकते. पण तुमच्या कक्षात बसणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जणांनी तुम्हाला हेच सांगितले असेल की घरी कोणी ऐकून घेत नव्हते. तेव्हा आज रात्री भाकरी करताना तिला जवळ बोलावून म्हणा, "मागे तू मैत्रिणीचे सांगत होतीस, मी नीट ऐकले नाही. आता सांगतेस का?" ती "काही नाही" म्हणेल. दोन दिवसांनी पुन्हा विचारा. त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवलेला असू द्या. कामाचा ताण आहे हे तिला सांगायला हरकत नाही, मात्र जानेवारीतील प्रसंगाचे तपशील तिला कळता कामा नयेत. आई थकली आहे आणि त्यावर उपाय करते आहे, एवढे तिच्या वयाला पुरेसे आहे.

राहिला राजीनामा. एमसीबी पडलेल्या घरात घर विकायचा निर्णय घेऊ नये, म्हणून आत्ता नको असे म्हणाले. तज्ज्ञांच्या भेटी सुरू करा, शक्य असेल ती सर्व रजा एकत्र घेऊन निदान आठ-दहा दिवस त्या खुर्चीपासून दूर राहा, तिघांची बैठक आणि पाळीची व्यवस्था एक सत्रभर चालवून पाहा, आणि करार नव्याने करायची वेळ येईल तेव्हा विचार करा. त्या वेळी रात्रीचा फोन तुमच्याकडेच असेल, बैठकीला कोणी येत नसेल आणि टिपणांवर धूळ बसली असेल, तर खुशाल जा. मी ते मनापासून म्हणते. तुम्ही गेलात तर मुले पोरकी होतील, हा युक्तिवाद तुमच्यापुढे केला जाईल, बहुधा तुम्हीच स्वतःपुढे कराल. विद्यार्थ्यांची जबाबदारी विद्यापीठाची आहे. अकरा महिन्यांच्या करारावर ती कोणा एका ताईच्या काळजावर सोपवता येत नाही. आणि थांबायचे ठरवलेत, तर निदान ते थांबणे तुम्ही निवडलेले असेल.

समुपदेशक या आठवड्यात ज्या दिवशी येणार असतील, त्याच दिवशी दुपारच्या चहाला रेक्टर मॅडमना तुमच्या कक्षात बोलवा. हे पुढच्या महिन्यावर टाकू नका, कारण सत्र परीक्षेचे अर्ज सुरू झाले की चाळीस मिनिटे सलग मिळणे अवघड होईल. आणि त्या मुलाच्या हप्त्याचे काय झाले ते मला कळवा.